जीटी ७३० आणि पाच ड्रायव्हर: ताईच्या जुन्या डेस्कटॉपवर काय चाललं, काय नाही

आधी मशीन सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. बार्शीला ताईकडे २०१३ सालचा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, आय३ ३२२० प्रोसेसर, एच६१ चा बोर्ड, रॅम आधी ४ जीबी होती आता ८ आहे, मधे कधीतरी एसएसडी टाकली, आणि २०१७ ला दुकानदार म्हणाला म्हणून जीटी ७३० चं २ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड बसवलं. ताई घरूनच लग्नपत्रिका, फ्लेक्स, बारशाची कार्डं असलं डिझाईनचं काम करते. कोरल हे डिझाईनचं सॉफ्टवेअर लागतं तिला त्यामुळे विंडोज सोडता येत नाही, आणि मशीन तिच्या कामापुरतं अजून व्यवस्थित चालतं त्यामुळे नवीन घ्यायचा विषयच नव्हता.

यंदा दिवाळीच्या आधी तिथल्याच एका रिपेअरवाल्याकडून मशीन फॉरमॅट करून घेतलं. त्याने पेनड्राइव्हवरचा कुठलातरी सगळ्या ड्रायव्हरचा (म्हणजे मशीनचा प्रत्येक भाग कसा चालवायचा ते विंडोजला सांगणाऱ्या सॉफ्टवेअरचा) गठ्ठा एकदम टाकला, आणि दुसऱ्या दिवशी ताईचा फोन, अरे पत्रिकेवरचा गणपती बघ ना कसा झालाय, फाईल करप्ट झाली का रे. फोटो पाठवला तर गणपती आडवा फुगलेला, शेजारचे कलश बसकट, गोल नक्षी होती ती अंड्यासारखी. फाईलला काहीही झालं नव्हतं. स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर अडकली होती आणि तेच चित्र रुंद मॉनिटरवर ताणून दिसत होतं. डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावलं तर डिस्प्ले अडॅप्टरखाली कार्डाचं नावच नाही, तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर. म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही, विंडोज नुसतं चित्र दिसावं म्हणून स्वतःचं कामचलाऊ काहीतरी वापरतंय. तुळशीचं लग्न झालं की हिचा सीझन सुरू होतो, तेव्हा दिवसाला तीन तीन पत्रिका असतात, त्यामुळे दिवाळीला गेलो तेव्हा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मशीन उघडूनच बसलो. पुढचे चार दिवस त्याच एका मशीनवर जे जे ग्राफिक्सचे ड्रायव्हर चालू शकतात ते सगळे लावून बघितले, त्याचा हा रिव्ह्यू.

पहिल्यांदा मी तेच केलं जे सगळे करतात. कार्डाची चिप एनव्हिडिया कंपनीची, तिच्या साइटवर गेलो, कार्डाचं नाव जीटी ७३०, म्हणून ७०० सिरीज निवडली आणि त्या नावापुढे दिसणारा सगळ्यात नवा ड्रायव्हर उतरवला. इन्स्टॉलरने थोडा वेळ तपासणी केली आणि निरोप दिला की या ड्रायव्हरला जुळणारं हार्डवेअरच सापडलं नाही. कार्ड समोर बसलंय, पंखा फिरतोय, आणि हा म्हणतो सापडलं नाही. इथे बरेच जण कार्ड खराब झालं समजून भंगारात टाकतात. टाकू नका, आधी हे वाचा.

जीटी ७३० नावाचं कार्ड २०१४ ला आलं आणि एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या चिप विकल्या गेल्या. एकीत जीएफ१०८ चिप आहे, ही फर्मी पिढी, म्हणजे खरं तर जीटी ४३० च्या काळातलीच चीज, ९६ कुडा कोअर (चिपमधले हिशोब करणारे छोटे भाग), १२८ बिटची मेमरी, ४९ वॅट. दुसरीत जीके२०८, ही केप्लर पिढी, ३८४ कोअर, ६४ बिटची मेमरी, आणि तिचं डीडीआर३ वालं मॉडेल फक्त २३ वॅट खातं. दुकानात उभं राहून बघितलं तर १२८ हा आकडा ६४ पेक्षा मोठा म्हणून माणूस तोच डबा उचलतो, आणि ती जुनी चिप निघते. आता ड्रायव्हरच्या बाबतीत या दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. फर्मीला विंडोजवर शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५, मार्च २०१८ चा. केप्लरला त्यानंतर साडेतीन वर्षं नियमित अपडेट मिळत राहिले, ४७२.१२ पर्यंत, सप्टेंबर २०२१, आणि त्याच्याही पुढे काही काळ नुसते सिक्युरिटीचे. त्यामुळे नावावरून ड्रायव्हर शोधायचाच नाही, चिप कुठली ते आधी बघायचं.

कसं बघायचं तर डिव्हाइस मॅनेजरमधे डिस्प्ले अडॅप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्सचा टॅब, आणि वरच्या यादीतून हार्डवेअर आयडीज. ड्रायव्हर बसलेला नसला तरी हे दिसतं, म्हणून हीच पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते. तिथे व्हेंडरचा कोड असतो, १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल. त्याच्या पुढे डिव्हाइसचा चार अक्षरी कोड. ताईच्या मशीनवर ०एफ०२ आलं, म्हणजे जीएफ१०८, फर्मी. १२८७ आलं असतं तर जीके२०८, केप्लर. या चार अक्षरांवर सगळं ठरतं, डब्यावरच्या नावावर काहीच नाही. जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर टाकलं तर तेही चिपचं नाव सरळ दाखवतं.

चिप कळल्यावर आधीचा सगळा कचरा काढला. डीडीयू म्हणून फुकट टूल आहे, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, विंडोज सेफ मोडमधे सुरू करून ते चालवायचं म्हणजे जुन्या ड्रायव्हरच्या फायली आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी साफ होतात. यात एक गोष्ट नक्की करा, नेटची केबल काढून ठेवा, नाहीतर रीस्टार्ट झाल्या झाल्या विंडोज अपडेट आपल्या आधी स्वतःच काहीतरी ड्रायव्हर बसवायला घेतं आणि तुम्ही तुमचा टाकायला जाता तेव्हा दोघांची खेचाखेच होते. त्या गठ्ठ्यासोबत एक ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारं सॉफ्टवेअरही आलेलं होतं, ते रोज लाल अक्षरात सतरा ड्रायव्हर जुने झालेत म्हणून दाखवायचं आणि पैसे मागायचं. ते पहिलं उडवलं. अशी सॉफ्टवेअर जुन्या मशीनवर अजिबात ठेवू नका, त्यांना जुनं दिसलं की बदलायचं एवढंच कळतं आणि आपल्या कार्डाला तर जुनाच ड्रायव्हर लागतो.

३९१.३५ टाकला. दहा मिनिटांत बसला, स्क्रीन क्षणभर काळी होऊन १९२० बाय १०८० वर आली आणि गणपती गोल झाला. ताई मागे उभी होती, तिने पत्रिकेची फाईल आधी मोठी करून मग लहान करून बघितली, दुसऱ्या मॉनिटरवर ओढून बघितली, आणि मग म्हणाली हां आता बरोबर आहे. तुमच्याकडे तो बसला की नाही हे तपासायची एक युक्ती सांगतो, डिव्हाइस मॅनेजरमधे व्हर्जन २३.२१.१३.९१३५ असं लांबलचक दिसतं आणि लोक गोंधळतात की आपण तर ३९१.३५ टाकला होता. शेवटचे पाच आकडे वाचायचे, ३ ९१३५, म्हणजे ३९१.३५. एनव्हिडियाच्या सगळ्या विंडोज ड्रायव्हरला हाच हिशोब लागू होतो, ३०.०.१४.७२१२ दिसलं तर तो ४७२.१२.

चालतो कसा तर कोरलमधे काहीच अडचण नाही, फोटोशॉपमधे पासपोर्ट फोटोचं काम झटपट, दोन मॉनिटर व्यवस्थित, चार दिवसांत एकदाही स्क्रीन लुकलुकली नाही. ज्यांचं विंडोज अजून ३२ बिट आहे त्यांनाही हा मिळतो, याच मालिकेनंतर ३२ बिटचा सपोर्ट बंद झाला. वाईट बाजू सरळ आहे, २०१८ पासून यात कसलीही दुरुस्ती आलेली नाही आणि येणारही नाही, व्हल्कन, म्हणजे नवीन गेम चित्र काढायला वापरतात ती पद्धत, तर फर्मीला कधी मिळालंच नाही त्यामुळे नवीन गेमचं नाव काढू नका. पाचपैकी चार देईन.

आता लिनक्सचा भाग. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, आणि ताई त्याच मशीनवरून बँकेचं आणि जीएसटीचं बघते हे मला बरं वाटत नव्हतं. म्हणून जुनी एक १२० जीबीची एसएसडी पडून होती ती लावून तिच्यावर लिनक्स मिंट २२.२ ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम टाकली, नेटवरची कामं इथे आणि कोरल तिकडे, अशी वाटणी.

मिंटमधे पहिल्या बूटला जो ड्रायव्हर आपोआप लागतो तो नुव्हो. एनव्हिडियाने माहिती दिलेली नसताना लोकांनी कार्ड तपासून तपासून, उलटं शोधत शोधत बनवलेला हा ड्रायव्हर, २०१० पासून लिनक्सच्या कर्नलमधेच (सिस्टीमच्या गाभ्यातच) येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. रेझोल्यूशन लगेच बरोबर, दोन्ही मॉनिटर लागले, मराठी टायपिंग, बँकेची साइट, पीडीएफ, सगळं चाललं. या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे कारण ज्या कार्डाला खुद्द कंपनीने सोडलं ते आजच्या कर्नलवर यांच्यामुळे चालतंय. पण फर्मीवर याची एक मोठी मर्यादा आहे, कार्ड सुरू होताना ज्या कमी वेगावर असतं तो वेग नुव्हो वाढवू शकत नाही. केप्लरवर निदान हाताने वाढवता येतो, फर्मीवर तेही नाही. त्यामुळे खिडकी ओढताना मागे रेघ राहिल्यासारखी वाटते, १०८० चा व्हिडिओ मोठा केला की अडखळतो. पाचपैकी तीन, आणि फक्त नेट आणि टायपिंग असेल तर साडेतीन.

मला ते अडखळणं सहन होईना म्हणून एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर टाकायला गेलो. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधे या कार्डासाठी काहीच दिसलं नाही, तिथेच मी थांबायला हवं होतं. ४७० मालिका पॅकेजमधे होती आणि कुणीतरी लिहिलेलं वाचलं होतं की जीटी ७३० ला ४७० चालतो, म्हणून टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करून, बसवला. रीस्टार्ट केल्यावर स्क्रीन पुन्हा बारीक रेझोल्यूशनवर आणि कोपऱ्यात सूचना की सॉफ्टवेअर रेंडरिंग मोड सुरू आहे, म्हणजे ग्राफिक्सचं सगळं ओझं प्रोसेसरवर. कर्नलचा लॉग काढून बघितला तर त्यात अगदी स्पष्ट लिहिलेलं की हे कार्ड ३९०.एक्सएक्स या लेगसी (जुन्या कार्डांसाठीच्या) ड्रायव्हरने चालतं, ४७०.एक्सएक्स या कार्डाकडे दुर्लक्ष करेल. आणि ४७० बसताना नुव्होला बंद करून टाकतो, त्यामुळे तोही नाही आणि हाही नाही. ज्याने ४७० चालतो लिहिलं तो खोटं बोलत नव्हता, त्याचं कार्ड केप्लर होतं. नशिबाने आधी मिंटमधल्या टाइमशिफ्टने सिस्टीमचा स्नॅपशॉट (होती तशी प्रत) घेतलेला होता, पाच मिनिटांत परत होतं तिथे आलो. ड्रायव्हरला हात लावायच्या आधी स्नॅपशॉट घ्याच, ताईच्या मशीनवर घेतला नसता तर ते अख्खी संध्याकाळ खाऊन गेलं असतं.

मग ३९० साठी मिंट २१.३ टाकून बघितलं. ते जुन्या पायावर आहे, कर्नल ५.१५, आणि त्याच्या ड्रायव्हर मॅनेजरमधे ३९० दिसतो, एक टिक करून अप्लाय. आत ३९०.१५७ आहे, नोव्हेंबर २०२२ चा, त्या मालिकेतला शेवटचा. फरक लगेच जाणवला, कार्ड पूर्ण वेगाने चालतं, खिडक्या लोण्यासारख्या सरकतात. स्क्रोल करताना मधे आडवी चीर पडत होती ती एनव्हिडिया सेटिंग्जमधे फोर्स फुल कंपोझिशन पाइपलाइन चालू केल्यावर गेली. पण याची किंमत ही की तुम्ही त्या कर्नलला बांधले जाता. हा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्याने कंपाइल करून जोडावा लागतो, कर्नलच्या आतली रचना दर आवृत्तीला बदलत जाते, आणि पलीकडून दुरुस्ती करणारं कुणी उरलेलं नाही. म्हणून अपडेट मॅनेजरमधे कर्नलची ६ ची मालिका दिसली तरी घ्यायची नाही, ५.१५ वरच राहायचं. मिंट २१.३ ला अपडेट एप्रिल २०२७ पर्यंत आहेत, त्यानंतर पुन्हा हाच प्रश्न. आज वेग हवा असेल तर पाचपैकी चार, पण मी पुण्यात आणि मशीन बार्शीत, चुकून कर्नल बदललं तर ताईला फोनवर टर्मिनल सांगत बसायचं, हे मला पटेना.

चौथ्या दिवशी धूळ झाडायला कॅबिनेट उघडलं होतं आणि तेव्हा डोक्यात आलं की आय३ ३२२० मधे इंटेलचं एचडी २५०० ग्राफिक्स आहेच की, कार्ड आल्यापासून आठ वर्षं ते नुसतं बसून आहे. कार्ड काढलं, एक मॉनिटर बोर्डाच्या व्हीजीएला, दुसरा एचडीएमआयला, आणि मिंट २२.२ सुरू केलं. काहीही टाकावं लागलं नाही. इंटेलचा आय९१५ ड्रायव्हर कर्नलमधे आहे, वरचा थर मेसा या लिनक्सच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमधला क्रोकस, जो खास या जुन्या इंटेल चिपसाठी लिहिलेला आहे आणि अजून सांभाळला जातो. खिडक्या नुव्होपेक्षा कितीतरी मोकळ्या सरकतात. कागदावर एचडी २५०० हे जीटी ७३० पेक्षा कमी ताकदीचं आहे, पण ज्या ड्रायव्हरला चिपचा वेग पूर्ण वापरता येतो तो रोजच्या कामात पुढे जातो, हे मी समोर बघितलं. यूट्यूबला मात्र एक करा, साइट आपणहून व्हीपी९ या नव्या प्रकारात दाबून बसवलेला व्हिडिओ पाठवते आणि या काळातल्या चिपला तो हार्डवेअरमधे उलगडता येत नाही, ब्राउझरमधे एच२६४ हा जुना प्रकार मागणारं एक्स्टेंशन टाकलं की प्रोसेसरवरचा ताण बराच उतरतो. आईला सकाळी कीर्तन लावून द्यायचं असतं, ते आता एकदाही अडत नाही.

विंडोजमधे जाऊन बघितलं तर विंडोज अपडेटने इंटेलचा १०.१८.१० मालिकेतला ड्रायव्हर स्वतःच आणून बसवला. कोरलमधे ताईने एक जुनी आठ पानी पत्रिका उघडून बघितली, तिला कार्ड असताना आणि नसताना काही फरक सांगता आला नाही. मेमरी रॅममधूनच घेतं, तर ८ जीबी असेल तरच हे करा, ४ जीबीवर मी सांगणार नाही. कार्डाची वीज वाचली, पंख्याचा घरघराट गेला, आणि दोन्ही विंडोज-लिनक्सवर मला लांबून बघायला लागेल असं काही उरलं नाही. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण विंडोजवरचा हाही ड्रायव्हर जुनाच आहे.

ज्यांच्या बोर्डावर आतलं ग्राफिक्स नाहीच किंवा कोअर २ ड्युओच्या काळातलं आहे त्यांना कार्ड ठेवावंच लागणार, त्यांच्यासाठी मला पक्कं माहितीये तेवढं सांगतो. जीफोर्स २१०, ८४०० जीएस, ९४०० जीटी असली कार्डं आपल्याकडे खूप विकली गेली, ती टेस्ला पिढीची, विंडोजवर ३४२.०१ शेवटचा, लिनक्सवर ३४०.१०८, डिसेंबर २०१९ चा, पण आजच्या कर्नलवर तो बसवत बसण्यापेक्षा नुव्होवर राहा. जीटी ६१० म्हणजे फर्मी, वरचं सगळं तसंच लागू. जीटी ७१० केप्लर, लिनक्सवर ४७०. जीटीएक्स ७५० टीआय आणि १०५० टीआयवाल्यांना ५८० ही शेवटची मालिका, त्यापुढची नवी दिसली तरी घेऊ नका. एएमडीचं एचडी ५४५० किंवा ६४५० असेल तर विंडोजवर २०१५ चा १५.७.१, आणि लिनक्सवर तर काहीच टाकू नका, कर्नलमधला रेडिऑन ड्रायव्हर जुन्या कार्डांवर फार छान चालतो. जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकायचं म्हणून सेकंडहँड कार्ड शोधत असाल तर मी एनव्हिडियाच्या आधी हे एएमडी बघेन.

परवा पुण्यात ऑफिसातल्या एकाने विचारलं, त्याच्याकडेही जीटी ७३०, मुलाच्या शाळेच्या कामासाठी मशीन पुन्हा उभं करतोय, ताईला टाकला तोच दे म्हणाला. त्याला आधी कोड पाठवायला लावला. १२८७ आला. त्याला विंडोजवर ४७२.१२ दिला, बसला.

ताईचं काढलेलं कार्ड कपाटात ठेवलंय, विकलं किंवा कुणाला दिलं तर पुढच्याला त्रास नको म्हणून त्याच्यावर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलंय, फर्मी, जीएफ१०८, विंडोजला ३९१.३५, लिनक्सला ३९०. आणि ३९१.३५ ची सेटअप फाईल पेनड्राइव्हवर घालून त्याच डब्यात टाकलीये.